चिप्सचं पाकीट कोणीच का उचलत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची 140 फ्लॅटची सोसायटी आहे आणि मी तिची सचिव. तीन वर्षं आम्ही ओला-सुका कचरा वेगळा देतोय. कचरा न्यायला येणाऱ्या ताई बाटल्या, पुठ्ठा, रद्दी लगेच पोत्यात टाकतात. पण चिप्स-बिस्किटांची पाकिटं आणि थर्माकोल बघून नाक मुरडतात. कंपन्यांनी स्वतःचं प्लास्टिक परत घ्यायचं असा कायदा झाला ना? मग ते नेतंय कोण? आणि ही चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे वापरलेला माल फिरून पुन्हा वापरात येणं, खरोखर कुठे आहे, की नुसती फलकावर?"

ताई, तुमच्याकडे येणाऱ्या बाई चुकत नाहीत, हे आधी सांगतो. मी या धंद्यात 22 वर्षं आहे. सुरुवात मामाच्या भंगाराच्या दुकानात काट्यावर झाली. पुढे जुनं प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा, म्हणजे नव्या वस्तूंचा कच्चा माल, करणाऱ्या कारखान्यात होतो. आता शहराबाहेर सुका कचरा निवडायची शेड चालवतो. त्यामुळे माझं उत्तर काट्यापासूनच सुरू होणार.

एक लिटर पाण्याची रिकामी बाटली साधारण 20 ग्रॅमची असते. 50 बाटल्या वेचल्या की किलो भरतो. पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट जेमतेम अडीच-तीन ग्रॅमचं. किलो भरायला साडेतीनशे-चारशे पाकिटं लागतात. बाटली उचलायला जेवढं वाकावं लागतं तेवढंच पाकिटाला. वरून पाकिटाला आतून तेल-मीठ चिकटलेलं, त्यात मुंग्या. आणि एवढं करून किलोभर पाकिटं भंगारवाल्याकडे नेली तर तो काट्यावर ठेवायलाही तयार नसतो, कारण पुढे घेणारा नाही. बाटली घेणारे दहा जण उभे असतात. कचऱ्याचं सगळं धोरण, सगळे नियम, सगळ्या परिषदा या एका गोष्टीभोवती फिरतात. ज्या मालाला भाव आहे त्याचं चक्र कायदा असो-नसो फिरतंच. ज्याला भाव नाही तो माल उचलण्याची मजुरी कोणीतरी खिशातून द्यावी लागते. ती कोणी द्यायची, हे आपल्याकडे अजून नीट ठरलेलं नाही.

आता पाकिटाला भाव का नाही ते सांगतो. आमच्या शेडवर निवडायला बसणाऱ्या एक मावशी आहेत. तीस वर्षं कचरा वेचलेला हात. पिशवी हातात घेऊन कानाजवळ चुरगाळतात आणि आवाजावरून सांगतात, "ही एलडी, ही कडकड वाजते ती वेगळी." दुधाची पिशवी एलडीची, म्हणजे मऊ पॉलिथिनची, ती मऊ वाजते. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची, म्हणून धुऊन वितळवली की पुन्हा पिशवी होते, पाइप होतो. चिप्सचं पाकीट मात्र तीन-चार थरांचं. बाहेर छपाईचा थर, मध्ये चांदीसारखा चमकतो तो धातूचा मुलामा, आत सील बसणारा थर, आणि हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं. प्रत्येक थराचं वितळायचं तापमान वेगळं. त्यांना सुटं करणारं स्वस्त यंत्र आजही बाजारात नाही. एकत्र वितळवलंच तर काळपट, ठिसूळ काहीतरी निघतं. त्याच्या फळ्या होतात, बाकडी होतात, पण अशी बाकडी किती बागांना लागणार?

आणि सगळ्या बाटल्याही चांगल्या असतात असं समजू नका. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते त्याला पेट म्हणतात, आणि आमच्यात अशा प्रत्येक बाटलीला बिसलेरीच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. शेडवर आम्ही एक साधा प्रयोग दाखवतो. बाटलीचा चुरा आणि झाकणाचा चुरा पाण्याच्या टबात टाकायचा. पेट बुडतं, झाकण तरंगतं. वरचं गाळून घेतलं की काम झालं, यंत्राची गरज नाही. पण काही सरबतांच्या बाटल्यांना खालपासून वरपर्यंत घट्ट बसणारं रंगीत वेष्टण असतं. ते बऱ्याचदा पीव्हीसीचं, म्हणजे क्लोरीन असलेल्या वेगळ्या जातीच्या प्लास्टिकचं असतं आणि पीव्हीसीही पाण्यात बुडतं. टबात ते वेगळं होत नाही. पेट वितळतं 250 अंशांच्या वर. तिथवर पोचायच्या आधीच पीव्हीसी जळतं, आम्ल सोडतं आणि अख्खी रास पिवळी पडते. मी कारखान्यात असताना असा एक लॉट वाया गेला होता. मालकाने तीन दिवस कोणाशी धड बोलणं केलं नाही. ते वेष्टण ज्याने निवडलं तो कोणत्यातरी शहरातल्या कचेरीत बसला होता. त्याचा तोटा इकडे भोसरीतल्या कारखानदाराने सोसला. आपलं धोरण ज्या टोकाला जाऊन बघायला हवं ते टोक हे, कागदावर बाटलीचं चित्र काढणाऱ्याचं.

बाटली परत बाटली होते का? बहुतेक वेळा नाही. तिचा चुरा होतो, चुऱ्याचा धागा, धाग्याचं कापड किंवा उशीतला कापूस. ते कापड विटलं की पुढे त्याला रस्ता नाही. म्हणजे ज्याला आपण चक्र म्हणतो तो खरं तर उतार आहे, एक पायरी खाली आणि मग पुन्हा एक पायरी खाली. खाद्यपदार्थांच्या पॅकिंगमध्ये पुनर्वापरित पेट वापरायची वाट एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2022 मध्ये मोकळी केली. त्यानंतरच बाटलीपासून बाटली हा विषय आपल्याकडे गंभीरपणे सुरू झाला.

आता कायद्याकडे येऊ. तुम्ही म्हणता तो कायदा आहे. उत्पादकाची वाढीव जबाबदारी, धंद्यात सगळे ईपीआरच म्हणतात. प्लास्टिकच्या बाबतीत ही कल्पना 2011 च्या नियमांपासून आहे. 2016 मध्ये ती ठाशीव झाली आणि 16 फेब्रुवारी 2022 च्या दुरुस्तीने तिला आकडे मिळाले. प्लास्टिकचे चार वर्ग पाडले. कडक माल (बाटल्या, डबे) पहिला, एकाच जातीची किंवा नुसत्या प्लास्टिकच्या थरांची पिशवी दुसरा, प्लास्टिकसोबत दुसऱ्या पदार्थाचा थर असलेलं पाकीट तिसरा, आणि कुजणारं प्लास्टिक चौथा. कडक मालाचा 2024-25 मध्ये निम्मा भाग पुनर्चक्रित व्हायलाच हवा होता आणि 2027-28 पर्यंत 80 टक्के. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाला तीसपासून साठ टक्क्यांपर्यंतची शिडी. 2025-26 पासून नव्या कडक मालात 30 टक्के जुनं प्लास्टिक मिसळायचं. हा शेवटचा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो प्रमाणपत्र मागत नाही, माल मागतो. मागणी आली की भाव येतो, आणि भाव आला की पोतं आपोआप भरतं.

बाकीची यंत्रणा मात्र प्रमाणपत्रांवर चालते. पुनर्चक्रण करणाऱ्या कारखान्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंद करायची: इतका टन माल आला, इतका दाणा गेला. तेवढ्याचं प्रमाणपत्र तयार होतं. पाकीट-बाटली विकणारी कंपनी ते विकत घेते आणि तिची जबाबदारी फिटते. ऐकायला छान आहे. आता पैसा कुठे पोचतो ते बघा. तो कारखान्याच्या दारात पोचतो. तिथून मागे गोदाम, गोदामामागे भंगाराचं दुकान, दुकानामागे वेचणारी बाई. तिच्यापर्यंत काही झिरपलं पाहिजे असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. आणि बाटलीचा कारखाना तर प्रमाणपत्राच्या आधीही बाटली घेतच होता. जे काम बाजार स्वतःहून करत होता त्यावर कंपनीचा पैसा जास्त खर्ची पडला, आणि ज्यासाठी पैशाची खरी गरज होती ते पाकीट तुमच्या जिन्याखाली पडून राहिलं.

दुसरी अडचण खोट्याची. तीन-चार वर्षांपूर्वी एक दलाल आमच्या शेडवर आला होता. गाडी चकचकीत, बोलणं गोड. म्हणाला, "माल नको, फक्त तुमच्या काट्याच्या पावत्या द्या, टनामागे काढून देतो." चहा पाजून पाठवला. पण तो सगळ्यांच्याच दारात गेला असणार आणि सगळेच चहावर थांबले नसणार. 2023 मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत मोजक्या चार कारखान्यांनी मिळून 6 लाखांहून अधिक बनावट प्रमाणपत्रं तयार केल्याचं उघड झालं. त्यात महाराष्ट्रातला कारखानाही होता. कागद मोजायची व्यवस्था केली की लोक कागद तयार करतात, यात मला नवल वाटलं नाही. नवल एवढंच वाटलं की पकडले गेले.

पाकिटाच्या बाबतीत तर एक जुना घाव आहे. 2016 च्या मूळ नियमात असं होतं की पुनर्चक्रित न होणारं बहुथरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं. स्पष्ट, सरळ. मार्च 2018 मध्ये, म्हणजे ती दोन वर्षं पुरी होतानाच, शब्द बदलले. आता फक्त तेच बंद करायचं जे पुनर्चक्रित होत नाही, ज्यातून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही. अहो, पेटतं त्यातून ऊर्जा मिळतेच. चिप्सचं पाकीट छान पेटतं. या तीन शब्दांत बंदी संपली. तुमच्या कचऱ्याच्या डब्यात आज जे पाकीट आहे ते त्या दुरुस्तीमुळे आहे.

मग पेटवतात कुठे? सिमेंटच्या भट्टीत. सुक्यातला निरुपयोगी माल चिरडून, गाठी बांधून सिमेंट कारखान्याला कोळशाच्या जोडीने जाळायला देतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी असं इंधन बनवणाऱ्या प्रकल्पापासून 100 किलोमीटरच्या आतल्या उद्योगांना निदान 5 टक्के इंधन यातून घ्यायला सांगितलं. भट्टीत तापमान 1400 अंशांच्या आसपास, राख क्लिंकरमध्येच (ज्या खड्यांपासून सिमेंट दळतात त्यांत) मुरते, त्यामुळे उघड्यावर जाळण्यापेक्षा हे शंभरपट बरं. मी याच्या विरोधात नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, महाराष्ट्रातले मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूरकडे आहेत. पुण्याहून तिथवर हलक्या गाठी नेणाऱ्या ट्रकचं भाडं मालाच्या किमतीला गिळतं, म्हणून भाडं कोणीतरी भरल्याशिवाय गाडी हलत नाही. दोन, भट्टीवाल्याला क्लोरीन चालत नाही, आत थर साचून भट्टी अडते. म्हणजे पीव्हीसी, मीठ लागलेलं, ओलं, मातीचं आलं की गाडी गेटवरून परत. आमची एक गाडी अशी परत आली होती, पावसाळ्यात. येण्या-जाण्याचं भाडं आणि गाठींच्या कुजक्या वासासकट.

कचऱ्यापासून वीज हाही असाच विषय, त्यावर फार लिहीत नाही. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये परदेशी यंत्र आणून भट्टी उभारली, ती 1990 मध्ये बंद करावी लागली. आपल्या कचऱ्यात भाजीचे देठ आणि पाणी जास्त. ओली लाकडं पेटवायचा प्रयत्न कोणी केला असेल तर त्याला कारण सांगायला नको.

देशाचा हिशोब हवा असेल तर केंद्रीय मंडळाचा 2020-21 चा अहवाल बघा. रोज सुमारे 1 लाख 60 हजार टन शहरी कचरा. त्यातल्या सुमारे 80 हजार टनांवर प्रक्रिया, 29 हजार टन डेपोत पुरायला गेले. उरले 50 हजार टन. त्यांचा हिशोब लागत नाही, असं मंडळाच्याच आकड्यांतून निघतं. एखाद्या किराणा दुकानदाराने रोजच्या विक्रीतला तिसरा हिस्सा कुठे गेला ते माहीत नाही म्हटलं तर त्याचा मुलगाही त्याला गल्ल्यावर बसू देणार नाही.

तरीही तुमच्या पुण्यात काहीतरी वेगळं घडलंय, आणि ते तुमच्या दारात रोज येतं. 1993 मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांना "भंगार चोरणाऱ्या" म्हणून पोलिस हटकायचे त्या काळात त्यांना ओळखपत्र मिळालं. त्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली, आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन दारोदारचा कचरा गोळा करण्याचं काम वेचकांकडे आलं. आज साडेतीन हजारांहून जास्त सभासद हे काम करतात. गंमत काय, तर घराघरातून दर महिन्याला मिळणारं शुल्क ही त्यांची मजुरी आहे आणि भंगाराची विक्री ही वरकमाई. म्हणजे भाव नसलेला माल उचलायची मजुरी द्यायचा प्रश्न इथे अर्धा तरी सुटला. तुमच्या सोसायटीतले लोक महिन्याचे पैसे द्यायला कशी कुरकुर करतात ते मला माहीत आहे, मीही सोसायटीतच राहतो. पण त्या पैशात पाकिटाचं वाकणं मोजलेलं असतं. एकदा बैठकीत आकडा मांडा: घरटी महिन्याला किती पाकिटं येतात, आणि त्यांचं भंगार विकून त्या बाईला किती रुपये मिळतात. दुसऱ्या आकड्याला शून्य लिहा.

मग पाकिटावर उपाय काय? माझ्या मते दोनच. एक, कंपनीने तिसऱ्या वर्गातल्या मालाच्या वेचणीची मजुरी किलोमागे थेट वेचकाला किंवा त्याच्या संस्थेला द्यायची. कारखान्याला नाही. काट्यावरची पावती वेचकाच्या नावाने निघाली पाहिजे. दोन, अनामत. हे आपल्याला नवं नाही. सोड्याची बाटली परत केल्याशिवाय दुकानदार पुढची देत नसे, आणि जुने कपडे देऊन स्टीलचं पातेलं घ्यायचं तर बोहारणीशी अर्धा तास घासाघीस व्हायची. जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही, त्या बोहारणीचे हालही मी पाहिलेत. सांगायचं एवढंच, की वस्तूवर पैसा अडकलेला असला की ती गटारात जात नाही.

तमिळनाडूतल्या निलगिरीत हे सरकारी दुकानांच्या दारूच्या बाटल्यांवर झालं. मद्रास उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर 2022 मध्ये प्रत्येक बाटलीमागे 10 रुपये जास्त घ्यायचे आणि रिकामी परत आणली की द्यायचे, असं सुरू झालं. दहापैकी नऊहून जास्त बाटल्या परत येऊ लागल्या. पर्यटक फोडून टाकायचे त्या बाटल्या. आता जंगलातून वेचून आणणारेही तयार झाले. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट आहेत. तिकडे राहणाऱ्या तुमच्या नातेवाइकांना विचारा, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रिकाम्या बाटल्यांची पिशवी असतेच. गोव्याने 2024 मध्ये अशीच अनामत-परतावा योजना अधिसूचित केली, आणि पर्यटकांच्या राज्यात ती चालली तर कुठेही चालेल.

आपल्या महाराष्ट्रातही झालं होतं बरं का, कागदावर. 23 मार्च 2018 ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आठवते? लोकांच्या लक्षात राहिला तो 5 हजारांचा दंड आणि भाजीवाल्याकडे कापडी पिशवी. पण त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे परतावा छापायचा होता आणि पेट बाटलीवर एक-दोन रुपये. तुम्ही दूधपिशवी परत देऊन 50 पैसे शेवटचे कधी घेतलेत? दंड वसूल करायला माणूस लागतो, तो मिळाला. परतावा द्यायला साखळी लागते, ती कोणी बांधली नाही.

कर हा तर आमच्या दुखण्यावरचा चिमटा. 2021 च्या ऑक्टोबरपासून प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी 5 वरून थेट 18 टक्के झाला. नव्या प्लास्टिकवर 18 आणि कचऱ्यातून काढलेल्यावरही 18. एकीकडे पोस्टरवर हिरवी पानं आणि दुसरीकडे हे. परिणाम असा की वेचक आणि छोटा दुकानदार बिलाविना, मोठा कारखानदार बिलासकट, आणि मध्ये कुठेतरी खोटी बिलं. ज्या धंद्याला उजेडात आणायचं त्यालाच अंधारात ढकलायचं, हे धोरण कोणत्या टेबलावर ठरतं ते बघायची माझी फार इच्छा आहे.

ओल्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एक सांगतोच. सुक्याची सगळी रडगाणी निम्मी होतील जर ओला त्याला लागला नाही. रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस काढणारा इंदूरचा प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला. त्याचं यंत्राइतकंच श्रेय घरातल्या वेगळ्या डब्याला आहे. आमच्याकडे एका छोट्या गॅस प्रकल्पाचं तोंड मी उघडलेलं पाहिलंय. आत चमचे, नारळाची करवंटी, हाराचा दोरा आणि एक अख्खा मोबाइल चार्जर. वेंगुर्ल्यासारख्या बारा हजार वस्तीच्या गावाने मुख्याधिकारी रामदास कोकरे असताना कचरा डेपोचीच बाग केली. गॅस काढला, प्लास्टिक रस्त्यात घातलं, लोक तो डेपो बघायला येऊ लागले. लहान गाव होतं म्हणून जमलं, असं म्हणणारे खूप भेटतात. तुमची सोसायटी वेंगुर्ल्यापेक्षा लहान आहे.

आणि आता तुमच्या कामाची गोष्ट, कारण हा प्रश्न तुम्ही सचिव म्हणून विचारलाय. घनकचऱ्याचे नवे नियम 2026 मध्ये आले आणि 1 एप्रिलपासून लागू झाले. कचरा आता दोन नाही, चार डब्यांत: ओला, सुका, सॅनिटरी, आणि बल्ब-औषधं-रंगाचे डबे वगैरे विशेष काळजीचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोठ्या प्रमाणात कचरा करणारे कोण, याची व्याख्या. रोज 100 किलो कचरा, किंवा 20 हजार चौरस मीटर बांधकाम, किंवा रोज 40 हजार लिटर पाणी. यातलं एक जरी लागलं तरी तुम्ही त्यात बसता. 140 फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर हा सरकारी मापदंड धरला तर तुमचं पाणी 75 हजार लिटरच्या वर जातं. म्हणजे तुम्ही बसताच, कचरा वजन करायचीही गरज नाही. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, आणि जागा नसेल तर त्याची जबाबदारी प्रमाणपत्र घेऊन पार पाडायची. पुन्हा प्रमाणपत्र, हो. खोटं निघालं तर पत्ता तुमच्या सोसायटीचा असेल. म्हणून स्वस्त कोटेशन घेऊन येणाऱ्या एजन्सीला एकच प्रश्न विचारा: आमचा ओला कचरा ज्या ठिकाणी जातो ते आम्हाला बघायला मिळेल का, मंगळवारी सकाळी, न सांगता?

पाकिटांसाठी तुमच्यापुरतं इतकं करा. प्रत्येक मजल्यावर एक वेगळं पोतं, त्यात फक्त पाकिटं, झटकून कोरडी केलेली. पाकिटाचा कोपरा कापून तो तुकडा वेगळा टाकू नका, तो सापडत नाही आणि नाल्यात जातो. दूध पिशवीचंही तेच, टोक पूर्ण तोडायचं नाही, नुसती चीर द्यायची. दर पंधरा दिवसांनी पोती एकत्र करत जा, साठून शंभरेक किलो होतील तेव्हा बाईंशी बोला. कोरडा, वेगळा, एकगठ्ठा माल असला की गाठ बांधणारा मिळतो, आणि त्याची वेचणी-मजुरी तुम्ही बाईंना वेगळी द्या. दीडशे घरांत विभागली तर ती एका घराच्या एका चहाएवढीही येणार नाही. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल खूण करून द्या. उघडं पॅड हाताने निवडायला लागतं तेव्हा त्या बाईला काय वाटतं हे मी लिहिणार नाही. 2016 च्या नियमांपासून उत्पादकांनी त्यासोबत पिशवी द्यायची आहे. तुमच्या दुकानातल्या पाकिटात ती नसेल तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा.

थर्माकोल राहिला. त्यात 98 टक्के हवा असते, म्हणून ट्रकभर थर्माकोल म्हणजे ट्रकभर हवा. तो गरम करून दाबणारं यंत्र आमच्या शेडला अजून परवडलेलं नाही, त्यामुळे मीही तो घेत नाही. बहुतेक थर्माकोल टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून येतो. डिलिव्हरीची मुलं दारात उभी असतानाच खोकं उघडा आणि थर्माकोल त्यांच्याच टेम्पोत परत ठेवायला सांगा. पहिल्यांदा कुरकुर करतील. आमच्या इमारतीत चौथ्या फ्रिजपासून न सांगता न्यायला लागले.